फडकं आणि काठी

व्हेपर लॉक हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोयीचा रोग आहे. गाडी तापून बंद पडली आणि अर्ध्या तासाने परत चालू झाली, की मिस्त्रीने गंभीर तोंड करायचं, बॉनेटवर दोन बोटं आपटायची आणि म्हणायचं, "व्हेपर लॉक." गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं. नाव वजनदार, आणि दोष कुणाचाच नाही, उन्हाचा! पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही, मग इंजिन उपाशी मरतं. गाडी निवली की वाफेचं परत पेट्रोल. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत हे खरंच होतं. पण आम्ही दहा वेळा हे नाव घेतो, त्यातल्या सात वेळा आम्हाला गाडीला काय झालंय ते कळलेलंच नसतं. हे वाचून धंद्यातले लोक चिडतील. चिडू देत. सगळ्यात आधी मीच स्वतःवर चिडून बसलोय, त्यांचा नंबर नंतर.

चष्मेवाल्या बाईंना मी हे नाव दोन वर्षं ऐकवलं.

बाई पंचावन्नच्या पुढच्या. गळ्यात कायम दोन चष्मे, एक स्वतःचा आणि एक कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला. आठवड्यातून दोनदा त्या आपली जुनी गाडी काढून डोंगरावरच्या गावात जायच्या. डिकीत भिंगांची पेटी, फ्रेमांचे खण, घासायचं चाक, गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता. वर कुणाच्या तरी ओसरीत तक्ता टांगायचा, डोळे तपासायचे, तिथल्या तिथे चष्मा बसवून द्यायचा. मग समोरच्याच्या हातात सुई-दोरा द्यायचा. "तो दोरा आत जातो ना मिस्त्री," बाई म्हणायच्या, "तेव्हा माणसाचं तोंड बघण्यासारखं होतं. मी तेवढ्यासाठी डोंगर चढते." गाडीचं नाव त्यांनी बदक ठेवलं होतं. मागचं बूड जड, चाल डुलती, आणि हॉर्न तर असा की दुसरं नाव सुचूच नये.

हे बदक घाटात बसकण मारायचं. घरून निघाल्यावर पाऊण तासाने, दगडाच्या खाणीजवळच्या वळणावर, आणि वर पोचायच्या आत आणखी एकदा.

पहिल्यांदा बाईंनी सांगितलं तेव्हा मी दुसऱ्या गाडीखालून मान न काढताच म्हणालो, "व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं टाका आणि अर्धा तास थांबा." बाईंनी तसं केलं, गाडी चालू झाली, माझी इज्जत वाढली. मग मी पंप बदलला. कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब वळवली. बदक पुढच्या फेरीला त्याच वळणावर बसलं. एकदा बाई म्हणाल्या, "मिस्त्री, परवा तर धुकं होतं, मी स्वेटर घातला होता, तरी बंद पडली." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बाई, इंजिनाला स्वेटर कुठे कळतो? ते आतून तापतं." बाई हसल्या, मीही हसलो. थंडीत, धुक्यात पेट्रोल उकळतंय असं मी एका शहाण्या बाईला सांगत होतो, आणि माझी जीभ अडखळली नाही.

आता बाईंचे थोरले भाऊ. गावात त्यांचं चष्म्यांचं दुमजली दुकान, बाहेर आपोआप उघडणारं काचेचं दार. सगळे त्यांना शोरूम म्हणतात, अर्थात पाठीमागे. शोरूमच्या एका ओळखीच्याने बाईंना घाटात पाहिलं आणि दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "तुमची बहीण रस्त्याच्या कडेला फडकी पिळत बसली होती." झालं! शोरूम तडक माझ्या गॅरेजात हजर, मागोमाग बाई.

"मिस्त्री, ही गाडी सोमवारी भंगारात जातेय. मी बोलून ठेवलंय."

"कुणाला विचारून?" बाई म्हणाल्या.

"कागद माझ्या नावावर आहेत. मला विचारून."

"दादा, कागद तुझ्या नावावर असतील. क्लच माझ्या पायाखाली आहे."

"अगं, किती दिवस अशी वणवण करणार आहेस? माझ्या काउंटरवर बस. एसी आहे. खुर्ची गोल फिरते."

"मग माझं डोकंही फिरेल."

शेवटी ठरलं ते असं. शनिवारी मी आणि शोरूम दोघांनी बदकात बसून वर जायचं. मी रोग शोधून काढला, आणि तिथून गाडी कुठेही न थांबता वरच्या गावात पोचली, तर बदक बाईंचं, कागदांसकट. नाही तर सोमवारपासून बाई फिरत्या खुर्चीत. बाईंनी होकार दिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास होता, म्हणून मला जास्तच घाम फुटला.

शनिवारी भर दुपारी निघालो. बाई चालवत होत्या, मी शेजारी, मागे शोरूम, मांडीवर फ्रेमांचा एक खण, कारण डिकीत जागा उरली नव्हती. "माझ्या दुकानात या फ्रेमा कुणी फुकटसुद्धा घेणार नाही," ते म्हणाले. "म्हणूनच तुझ्या दुकानात ठेवत नाही," बाई म्हणाल्या आणि गिअर बदलला. उत्तम चालवत होत्या. चढावर इंजिनाला न रडवता, वळणावर आधीच गिअर उतरवून. मी मनातल्या मनात ठरवलं की गाडी बंद पडली तरी चालवणारीचा काडीचाही दोष नाही.

पाऊण तास झाला, खाणीचं वळण आलं. बदकाने दोन आचके दिले, एक ठसका दिला आणि गप्प झालं. बाईंनी तेवढ्या जोरावर गाडी कडेला घेतली.

"घ्या!" शोरूम मागून ओरडले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

बाईंचा हात सवयीने सीटखालच्या फडक्याकडे गेला. मी म्हणालो, "थांबा. आज कुणी कशालाही हात लावायचा नाही. एक गोष्ट करायची, काय होतं ते बघायचं, मग दुसरी." हे मी दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं. तेव्हा मला गाडीखालून मान काढायची नव्हती.

एअर फिल्टरचं डबडं काढलं, कार्बोरेटरच्या घशात बघितलं आणि थ्रॉटल हाताने ओढला. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोल असेल तर आत बारीक पिचकारी उडते. उडाली नाही. परत ओढला. कोरडा ठणठणीत.

"म्हणजे काय?" शोरूम खांद्यावरून वाकून बघत होते.

"म्हणजे ठिणगीचा दोष नाही. पेट्रोलच पोचत नाही."

"हे तर मलाही कळतंय."

"मग धरा ही बाटली."

ते गोंधळले, पण धरली. पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी काढून मी बाटलीत सोडली. "बाई, सेल्फ मारा!" इंजिन कुरकुरत फिरलं. पंप चांगला असेल तर ठेक्यात पिचकाऱ्या उडतात. वाफ अडकली असेल तर बुडबुडे येतात, फेस थुंकल्यासारखा येतो. इथे दोन थेंब पडले आणि बस्स. फेसही नाही, बुडबुडाही नाही. नळी नुसती आ वासून बसली.

मग मी पंपावर पंजा ठेवला आणि मोजायला लागलो. वीसपर्यंत मोजलं. हात ठेवता येत होता. कोमट होता. पेट्रोल उकळवण्याइतका तापलेला पंप असा हात ठेवू देत नाही, दोनच्या आत शिवी बाहेर येते. माझी दोन वर्षांची विद्वत्ता त्या वीस आकड्यांत संपली. तरी म्हटलं, स्वतःला पळवाट नको. "बाई, आता फडकं."

बाईंनी फडकं भिजवलं, पंपावर नीट गुंडाळलं, वरून पाणी शिंपडत राहिल्या. अर्धा तास आम्ही दगडांवर बसून काढला. खडीचे दोन ट्रक गेले. दोन्ही ट्रकवाल्यांनी बाईंना ओळखीचा हात केला, दुसऱ्याने तर ओरडून विचारलं, "काय ताई, आज फडक्याला सोबत दोन माणसं?" शोरूमनी मान फिरवून खाणीचा अभ्यास सुरू केला.

पंप बेडकाच्या पोटासारखा गार झाला. सेल्फ मारला. बाटलीत एक थेंब.

"झालं तुमचं?" शोरूमनी फोन काढला. "भंगारवाल्याला सांगू का, सोमवारऐवजी आजच ये म्हणून? गाडी खाली न्यायचा आपला त्रास वाचेल, तो इथूनच उचलेल."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. "मिस्त्री, नेहमी चालू होते हो. दर वेळी. एकदाही मी वर पोचले नाही असं झालं नाही. आज तुम्ही आलात आणि ही अशी..." त्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला त्या खुर्चीत बसवू नका."

मला राग आला. त्यांच्यावर नाही, फोनवाल्यावर थोडा, आणि माझ्यावर भरपूर. फडकं झालं, अर्धा तास झाला, पंप गार, तरी चालू नाही. मग एरवी चालू कशाने होते?

"बाई, नेहमी काय करता ते मला पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका. चहा पिता तर चहाही सांगा."

"पिते ना. आधी फडकं टाकते. मग चहा. मग काठी घालते. मग सेल्फ मारते."

"कसली काठी?"

"टाकीत. पेट्रोल किती आहे ते बघायला. काटा कधीचा मेलाय, तुम्हीच म्हणालात की याचा पार्ट मिळत नाही. म्हणून काठीला खुणा केल्यात." त्यांनी दारातल्या कप्प्यातून वीतभर लांबीच्या तीन तुकड्यांची घडीची काठी काढली. चष्म्याच्या दांडीचे बिजागर लावून केलेली! सुबक काम, त्यावर बारीक आकडे कोरलेले. "म्हटलं, बंद पडली ती पेट्रोल संपून तर नाही ना? म्हणून दर वेळी बघते."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुम्हीच म्हणालात ना, आज एकेकच करायचं? म्हणून अजून घातली नाही."

"कधी नुसती काठी घातलीत? फडक्याशिवाय?"

बाईंनी आठवलं. "एकदा. त्या धुक्यात. पाणी आणायचं विसरले होते. तरी चालू झाली. म्हटलं, थंडीच आहे, आपोआप निवली असेल."

मी कपाळावर हात मारला. तो हात काळा होता, शोरूम हसले, हसू देत. "बाई, मागे चला. झाकण उघडा. सावकाश. आणि तुम्ही, तो फोन खिशात घाला आणि कान इकडे करा."

बाईंनी झाकण पिरगळलं. ते नेहमीपेक्षा घट्ट बसलं होतं. मग सुटलं, आणि टाकीने श्वास घेतला. सूऽऽऽ असा लांबलचक, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. पाठोपाठ गाडीच्या बुडातून 'टणत्' असा आवाज आला. आत ओढला गेलेला टाकीचा पत्रा परत जागेवर आला होता. शोरूम दोन पावलं मागे उडाले.

"स्फोट होणार का?"

"व्हायला हवा होता तो माझ्या डोक्यात, दोन वर्षांपूर्वी. सेल्फ मारा, बाई!"

बाटलीत पिचकारी उडाली. एक, दोन, तीन, ठेक्यात. बाटली अर्धी भरली. शोरूमना सांगितलं, बाटलीला तोंड लावून हवा ओढा, ओठ घट्ट ठेवा. अहो, पाण्याची बाटली, ही पेट्रोलची नाही! त्यांनी ओढली. बाटली ओठांना चिकटली आणि प्लॅस्टिक आत चेपलं. "हेच," मी म्हणालो. "पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकी पंपाशी रस्सीखेच करते. पाऊण तासाने टाकी जिंकते. मग बाई झाकण उघडतात, हवा आत जाते, गाडी चालू होते आणि कौतुक होतं फडक्याचं. आणि माझं."

हवेसाठी या जातीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. मी झाकण उलटं-सुलटं केलं. भोक नाही. माझे डोळे अधू झाले की काय म्हणून बाईंकडे भिंग मागितलं. भिंगातून दिसलं. भोक होतं, पण भरलेलं. काचेसारखा पारदर्शक थेंब, वरून घासून असा गुळगुळीत केलेला की बोटाला कड लागू नये. असं काम रस्त्यावरच्या धुळीचं नसतं. असं काम हाताचं असतं.

मी वर बघितलं. बाई झाकणाकडे बघत नव्हत्या. खाणीकडे बघत होत्या.

"बाई?"

"त्याला भोक पडलं होतं," बाई म्हणाल्या.

"पडलं नव्हतं. पाडलेलं होतं. कारखान्यात."

"मला काय माहीत! डिकीत पेट्रोलचा वास यायचा. वरच्या आजी चष्मा नाकावर ठेवून म्हणायच्या, चष्म्याला वास येतोय. मग मी सगळं तपासलं, तर झाकणात बारीक भोक. म्हटलं, इथूनच येतोय. फुटक्या फ्रेमेला जो डिंक वापरते, तो एक थेंब सोडला. उन्हात वाळवला. पॉलिश केला." त्यांचा आवाज बारीक झाला. "छान बसला होता."

शोरूम हसत सुटले. "म्हणजे हिनेच! स्वतःच गाडीचं नाक बुजवलं आणि वर दोन वर्षं फडकी बदलतेय! मिस्त्री, ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हणालो. "आता माझंही ऐका. यांनी भोक बघितलं आणि बुजवलं, इतकं चोख की तुमच्या दुमजली दुकानात एकाला जमणार नाही. त्यांचा धंदा तोच. माझा धंदा भोक तपासायचा होता. हे झाकण माझ्या गॅरेजात मी स्वतःच्या हाताने चार वेळा उघडलं, दर वेळी ते सुस्कारलं, आणि दर वेळी माझं तोंड चालू होतं म्हणून मला ऐकू आलं नाही. हसायचं असेल तर इकडे बघून हसा."

ते हसायचे थांबले. अशा माणसांचं असंच असतं. चूक कबूल करणारा समोर आला की त्यांची मजा जाते.

भोक मोकळं करायला मी तार शोधत होतो, तर बाईंनी माझ्या हातातून झाकण काढून घेतलं. "त्या तारेने काय करणार, खिंडार?" गाडीपासून दहा पावलं लांब, दगडावर रुमाल पसरून त्या बसल्या. बिनफ्रेमच्या चष्म्याच्या भिंगाला भोक पाडायचा हाताचा छोटा गिरमिट काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि तीन बोटांनी हळूहळू फिरवायला लागल्या. पांढरी पूड पडली. फुंकर मारली, झाकण उन्हाकडे धरलं. पलीकडून उजेडाचा एक ठिपका त्यांच्या गालावर पडला.

"आता वास आला तर?" त्या म्हणाल्या.

"झाकणाचं रबर बदलू. वास तिथूनच येत होता. हेही मी तेव्हाच बघायला हवं होतं."

नळी जागेवर बसवली, झाकण लावलं. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर कार्बोरेटर भरला आणि बदक असं चालू झालं की खाणीतल्या माणसाने मान वर केली.

"अजून पोचलेली नाही," शोरूम मागे बसता बसता घड्याळ बघून म्हणाले. "वरपर्यंत एक तास आहे. न थांबता म्हटलंय मी. एकदा जरी थांबली तरी..."

"कळलं रे दादा."

पुढचा घाट मी कधी विसरणार नाही. पाऊण तास झाला. बाईंची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होतो. पन्नास मिनिटं झाली, एक आचका नाही. पंचावन्न झाली. बाई हसायला लागल्या, आधी ओठांत, मग मोठ्याने, आणि त्यांनी एका रिकाम्या वळणावर उगाचच हॉर्न वाजवला.

आणि मागून आवाज आला, "अगं... जरा थांबव."

आरशात बघितलं तर शोरूमचा रंग उडालेला. एकामागून एक वळणं, मांडीवर खण, हाताला बाटलीतल्या पेट्रोलचा वास. जन्मात ते एवढा वेळ मागच्या सीटवर बसले नसतील.

"काय म्हणालास?"

"थांबव. मला मळमळतंय."

"छे, छे. थांबवलं तर तू म्हणशील गाडी थांबली."

"नाही म्हणणार!"

"आत्ता नाही म्हणशील. खाली गेल्यावर म्हणशील. मी तुला लहानपणापासून ओळखते."

"अगं आई गं... मिस्त्री, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मी काय सांगू?" मी म्हणालो. "मला इंजिनाचं कळतं. पोटाचं नाही."

पुढचं वळण आलं. बाईंनी ते इतकं सुंदर, इतकं गोल घेतलं की माझंही पोट हललं. मागून तोंडावर हात ठेवलेला आवाज आला, "गाडी तुझी! कागद तुझे! सोमवारी सही करतो! खुर्ची विकून टाकतो! थांबव!"

"ऐकलंत मिस्त्री?"

"शब्दन् शब्द."

बाईंनी गाडी कडेला घेतली. शोरूम दार उघडून कठड्याकडे धावले. बाईंनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, पण किल्लीला हात लावला नाही. बदक जागच्या जागी डुलत राहिलं, एकसारखं, न ठसकता. वरच्या वळणावर गावातली पहिली घरं दिसत होती, आणि एका ओसरीत माणसं बसलेली.

पाच मिनिटांनी शोरूम रुमालाने तोंड पुसत परत आले, गाडीकडे बघितलं आणि फिकट तोंडाने म्हणाले, "थांबली बघ. शेवटी थांबलीच."

"गाडी चालू आहे, दादा," बाई म्हणाल्या. "तू थांबलायस. आता पुढे बस, पुढे कमी मळमळतं. मिस्त्री, तुम्ही मागे या, आणि तो खण सांभाळा, वर लोक वाट बघतायत."